दिसला की भासला? मेहकरच्या दिव्यापासून रॉबर्ट वॅग्नर यांच्या मोजपट्टीपर्यंत

पैनगंगेच्या खोऱ्यातील मेहकर हे बुलढाणा जिल्ह्यातील जुने गाव. 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून त्याची नोंद आहे. या गावातील 'कंचनीचा महाल' या वास्तूभोवती एक आख्यायिका गुंफलेली आहे. तिची रूपे अनेक. त्यांतील एका रूपानुसार कंचनी नावाच्या नर्तकीला आपल्या महालावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा पाहायचा होता आणि त्या हट्टापायी ती मजल्यावर मजला चढवीत गेली. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे यांनी या महालाला काव्यात आणले आणि कंचनी गावाबाहेरच्या मराठी वाचकांनाही परिचित झाली.

इतिहासाचा अभ्यासक अशा आख्यायिकेत राजवट, काळ आणि बांधकामाची शैली शोधतो. या धाग्यातील प्रश्न निराळा आहे. तो दिवा खरोखर दिसला असता का?

मेहकर ते लोणार हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २० किलोमीटर. देवीचे मंदिर विवराच्या आत, सरोवराच्या काठाशी आहे; म्हणजे विवराची कडाच नजरेच्या आड येते. ही भूमिती क्षणभर बाजूला ठेवली तरी अडचण संपत नाही. २०१५ मध्ये दोन अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी मेणबत्तीच्या ज्योतीची ताऱ्यांच्या तेजाशी तुलना करून हिशेब मांडला. गडद अंधारात नुसत्या डोळ्यांना एक ज्योत जास्तीत जास्त अडीच किलोमीटरच्या आसपासपर्यंत दिसू शकते, असे त्यांचे उत्तर आले. लोणार त्याच्या आठपट दूर आहे.

पण गच्चीवर उभे राहून एखादा म्हणाला असता, "तो पाहा, दिसला!", तर तो खोटे बोलतो असे म्हणता आले नसते. काळोखाकडे डोळे ताणून पाहणाऱ्याला ठिणग्या दिसतातच. डोळ्याच्या पडद्यावरील पेशी प्रकाश नसतानाही अधूनमधून आपोआप चाळवतात. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होरेस बार्लो यांनी १९५६ मध्ये हा डोळ्याचा आतला 'गोंगाट' हिशेबात घेतला आणि अत्यंत मंद प्रकाश पाहण्याची मर्यादा त्या गोंगाटाने ठरते, असे मांडले. हे बार्लो म्हणजे चार्ल्स डार्विन यांचे पणतू. या कथेत ते पुन्हा येणार आहेत.

दिसला की भासला, हा भेद करायचा कसा? विसाव्या शतकात नेमका हाच प्रश्न क्ष-किरणांच्या फिल्मसमोर बसलेल्या डॉक्टरांपुढे उभा राहिला. तो मोजण्याजोगा करण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांत रॉबर्ट एफ. वॅग्नर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. ते कोणत्याही यंत्राचे जनक नव्हते. त्यांचे काम इतरांनी बनवलेली यंत्रे जोखण्याचे होते, आणि बहुधा म्हणूनच त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते.

१८९५ च्या नोव्हेंबरात व्युर्झबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षापासून जगभरचे डॉक्टर हाडांच्या प्रतिमा काढू लागले. पहिली पन्नास वर्षे एक गोष्ट कोणाला फारशी खटकली नाही. प्रतिमा चांगली की वाईट, हे तिच्याकडे पाहून सांगता येते, असे सगळे गृहीत धरून चालले होते. कडा रेखीव, काळे-पांढरे ठळक, म्हणजे प्रतिमा उत्तम.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का क्षयरोगाने दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्ययंत्रणेपुढे एक साधा व्यवहारी प्रश्न होता. क्षयाचे रुग्ण हुडकण्यासाठी हजारो लोकांच्या छातीच्या प्रतिमा काढायच्या, तर मोठी महागडी फिल्म वापरावी की छोटी स्वस्त? १,२५६ व्यक्तींच्या छातीच्या प्रतिमा चार निरनिराळ्या पद्धतींनी काढण्यात आल्या आणि पाच अनुभवी तज्ज्ञांनी त्या स्वतंत्रपणे वाचल्या. १९४७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार पद्धतींमधील फरक किरकोळ निघाला. पाच तज्ज्ञांमधील फरक मात्र त्याहून मोठा होता. एकाला क्षय दिसे, तर दुसऱ्याला त्याच फिल्मवर काहीच आढळत नसे. काही काळाने तीच फिल्म त्याच तज्ज्ञापुढे ठेवली, तर तो स्वतःच्याच आधीच्या निदानाशी अनेकदा असहमत होई.

या अभ्यासातील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी त्याच वर्षी दोन संज्ञा वापरल्या. रोग असलेल्यांपैकी किती जणांत तो सापडला, ती 'संवेदनशीलता'. रोग नसलेल्यांपैकी किती जणांना योग्यपणे निरोगी ठरवले, ती 'विशिष्टता'. करोनाच्या काळात या दोन शब्दांची पुन्हा पुष्कळ उजळणी झाली. त्यांचा वैद्यकातील वापर क्षयाच्या त्या फिल्मांपासून रूढ होत गेला.

दोन आकडे मिळाले, तरी गुंता सुटला नाही. गच्चीवर दोन पहारेकरी उभे आहेत अशी कल्पना करावी. पहिला उतावळा. जरा चमकले की 'दिवा!' म्हणून ओरडतो. त्याचा एकही खरा दिवा चुकत नाही, पण खोट्या आरोळ्यांना सुमार नाही. दुसरा सावध. पुरती खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्याची आरोळी क्वचितच खोटी ठरते, पण कित्येक खरे दिवे निसटून जातात. यांत नजर कोणाची तीक्ष्ण? केवळ संवेदनशीलता पाहिली तर पहिल्याची, केवळ विशिष्टता पाहिली तर दुसऱ्याची. वस्तुतः दोघांची नजर तंतोतंत सारखी असू शकते. वेगळा आहे तो त्यांचा 'उंबरठा'. किती खात्री पटल्यावर होकार द्यायचा, याची ज्याची त्याची रेघ.

नजर आणि उंबरठा यांना वेगळे करण्याची युक्ती वैद्यकात जन्मली नाही. ती रडारमधून आली. युद्धात रडारच्या पडद्यावरील ठिपका शत्रूचे विमान आहे की नुसता विद्युत गोंगाट, हे ओळखण्याचे शास्त्र तयार झाले होते. मिशिगन विद्यापीठात पीटरसन, बर्डसॉल आणि फॉक्स यांनी १९५४ मध्ये त्याला गणिती रूप दिले. उंबरठा सैल करत करत घट्ट करत न्यावा आणि प्रत्येक ठिकाणी खऱ्या आरोळ्यांचे व खोट्या आरोळ्यांचे प्रमाण आलेखावर मांडावे. बिंदू जोडले की एक वक्र उभा राहतो. त्याला आरओसी वक्र म्हणतात. एका नजरेचा एक वक्र. उतावळा आणि सावध हे त्याच वक्रावरील दोन मुक्काम.

वक्राखालील क्षेत्रफळाला फार सुबोध अर्थ आहे. दोन प्रतिमा समोर ठेवल्या, एकीत रोग आहे आणि दुसरीत नाही, तर निरीक्षक रोगाची प्रतिमा अचूक निवडण्याची शक्यता म्हणजे ते क्षेत्रफळ. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे निर्दोष नजर.

ही युक्ती क्ष-किरणांच्या खोलीत आणली ली लस्टेड यांनी. हे रेडिऑलॉजिस्ट युद्धकाळात हार्वर्डच्या रेडिओ संशोधन प्रयोगशाळेत शत्रूच्या रडारला चकवण्याच्या कामावर होते. त्यामुळे रडारची भाषा आणि फिल्मची भाषा, दोन्ही त्यांना अवगत होत्या. १९६० मध्ये त्यांनी छातीच्या फिल्मांबाबतचे जुने निष्कर्ष या पद्धतीने मांडून दाखवले. तज्ज्ञांमधील काही मतभेद हा नजरेचा दोष नसून उंबरठ्यांचा फरक आहे, हे प्रथमच स्पष्ट झाले. पुढे शिकागो विद्यापीठाचे चार्ल्स मेट्झ यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांना समजेल अशा भाषेत या पद्धतीवर लेख लिहिला आणि तिच्यासाठीच्या संगणक आज्ञावल्या जगभर मोफत वाटल्या.

वॅग्नर १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, किरणोत्सर्ग आरोग्य विभागात रुजू झाले. तो काळ या क्षेत्रासाठी विलक्षण होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन निघाला होता. सोनोग्राफी रुळत होती. नवनव्या फिल्म आणि पडदे बाजारात येत होते. प्रत्येक उत्पादक आपल्या प्रतिमेच्या रेखीवपणाचे आकडे पुढे करी, आणि कोणाचा आकडा कोणाशी जुळत नसे. एकाचे यंत्र बारीक रेषा छान दाखवी, दुसऱ्याचे फिकट डाग. श्रेष्ठ कोणते?

वॅग्नर यांनी त्याच वर्षी के. ई. वीव्हर यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात हाच प्रश्न मांडला होता. गुणवत्तेच्या या ढीगभर निर्देशांकांचा मेळ घालता येईल का? पुढची सारी कारकीर्द या प्रश्नाचा पाठपुरावा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांच्या हाताशी एक जुना धागा होता. आरसीए कंपनीत दूरचित्रवाणीच्या कॅमेरा-नळ्यांवर काम करणारे अल्बर्ट रोझ यांनी १९४० च्या दशकात प्रकाशकणांचा हिशेब मांडला होता. प्रकाश असो वा क्ष-किरण, ते कणांच्या, म्हणजे फोटॉनच्या, सरीने येतात, आणि सर कधीच एकसारखी नसते. अंगणातील दोन शेजारच्या फरशांवरही थेंब सारखे पडत नाहीत. एका जागी सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर दहाएकांचा चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. १०,००० पडत असतील, तर चढउतार शंभराचा, म्हणजे केवळ १ टक्का. एखादा डाग खात्रीने दिसायचा तर त्याचा फरक या योगायोगाच्या चढउताराच्या सुमारे पाचपट हवा, असे रोझ यांनी दाखवले. म्हणजे आजूबाजूपेक्षा १ टक्क्यानेच वेगळी असणारी गाठ दिसायला तिच्या क्षेत्रावर अडीच लाख फोटॉन पडावे लागतात. फरक २ टक्के असेल, तर साडेबासष्ट हजार पुरतात.

येथे रुग्णाचे हित गुंतलेले आहे. फोटॉन वाढवणे म्हणजे किरणांची मात्रा वाढवणे. मात्रा वाढली की प्रतिमा स्वच्छ होते आणि रुग्णाच्या शरीराचा धोकाही वाढतो. कमी केली की धोका घटतो आणि गाठ गोंगाटात बुडते. मधली वाट शोधायची, तर प्रतिमेची गुणवत्ता मात्रेच्याच चलनात मोजता आली पाहिजे. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. एखाद्या यंत्रावर १,००० फोटॉन येऊन पडले, पण त्याची प्रतिमा गोंगाटाच्या दृष्टीने ३०० फोटॉनांच्या निर्दोष प्रतिमेइतकीच निघाली, तर ७०० फोटॉन रुग्णाच्या शरीरातून उगाच गेले. 'समतुल्य फोटॉन' मोजण्याची ही कल्पना छायाचित्रणाच्या शास्त्रात आधीच होती. वॅग्नर यांनी तिला फिल्म, सीटी आणि इतर पद्धतींना एकाच सूत्रात बांधण्याचे साधन केले. डेव्हिड ब्राउन यांच्यासोबतचा त्यांचा १९८५ चा निबंध या एकीकरणाचा टप्पा मानला जातो.

परंतु या हिशेबातही एक पायरी निसटते. यंत्र माहिती देते, ती वाचतो माणूस. माणूस त्यातील किती वापरतो?

येथे बार्लो परततात. कॅनडाचे आर्थर बर्जेस, वॅग्नर, रॉबर्ट जेनिंग्ज आणि बार्लो या चौघांनी केलेला प्रयोग १९८१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पडद्यावर गोंगाटाने भरलेली चित्रे दाखवायची, त्यांत ठाऊक आकाराची एक फिकट खूण लपवायची आणि निरीक्षकाला ती ओळखायला लावायची. दुसरीकडे गणिताने एक 'आदर्श निरीक्षक' उभा करायचा. तो थकत नाही, विसरत नाही आणि उपलब्ध माहितीचा कणही वाया घालवत नाही. मग माणसाची कामगिरी त्या आदर्शाशी ताडून पाहायची. माणूस फार खाली पडेल अशी अनेकांची अपेक्षा असावी. प्रत्यक्षात माणसाची कार्यक्षमता निम्मी आणि काही परिस्थितींत त्याहूनही अधिक निघाली.

मानवी डोळ्याला मिळालेले हे प्रशस्तिपत्र पुढे थोडे सावरून घ्यावे लागले. तो प्रयोग सुट्या सुट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोंगाटाचा होता. सीटी स्कॅनमधील गोंगाट तसा नसतो. संगणकाच्या गणनेमुळे त्यात ठिपके एकमेकांत गुंतलेले असतात. अशा गुंतलेल्या गोंगाटापुढे माणूस बराच मागे पडतो, हे ॲरिझोना विद्यापीठात काइल मायर्स आणि हॅरिसन बॅरेट यांच्या १९८५ मधील कामातून दिसले. मायर्स पुढे एफडीएत वॅग्नर यांच्या सहकारी झाल्या.

याच वळणावर एक भारतीय नाव भेटते. गुंतलेल्या गोंगाटातून खूण ओळखण्याचे जे रेषीय गणित या क्षेत्रात वापरतात, त्याला अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांचे नाव आहे. त्यात मोजली जाणारी राशी, म्हणजे रोग असलेल्या आणि नसलेल्या प्रतिमांमधील गोंगाट लक्षात घेऊन काढलेले अंतर, ही गणिताच्या दृष्टीने 'महालनोबिस अंतर'च आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात माणसांच्या शरीरमापांची तुलना करताना ही कल्पना घडवली आणि १९३६ मध्ये तिला अंतिम रूप दिले. कवट्यांची आणि उंचीची मापे जुळवण्यासाठी काढलेले सूत्र गाठी शोधण्याच्या यंत्रांना लागू पडावे, हा योग इतिहासाच्या रसिकाने टिपून ठेवण्यासारखा आहे.

सोनोग्राफीतही वॅग्नर यांचे मोठे काम आहे. त्या प्रतिमेवर जी रवाळ झाक दिसते, तिचे संख्याशास्त्र त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९८३ मध्ये मांडले आणि तो निबंध आजही त्या क्षेत्राच्या पायाभूत वाचनात गणला जातो. मात्र त्यांच्या कामाची खरी कसोटी लागली ती मॅमोग्राफीत.

१९७६ च्या मे महिन्यात अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांविषयीचा कायदा झाला आणि नव्या, जोखमीच्या उपकरणांना बाजारात येण्यापूर्वी एफडीएची परवानगी आवश्यक ठरली. आता 'कोणती प्रतिमा चांगली' हा केवळ शास्त्रीय वाद उरला नाही. चुकीचे यंत्र मंजूर झाले तर स्त्रियांच्या गाठी निसटणार. चांगले यंत्र अडकले तर त्याचा लाभ मिळायला वर्षे लागणार.

नव्वदच्या दशकात फिल्मऐवजी संगणकाच्या पडद्यावर पाहायची डिजिटल मॅमोग्राफी आली, तेव्हा नियामकांची सुरुवातीची अपेक्षा वाजवीच वाटत होती. नव्या पद्धतीचे निदान जुन्या फिल्मवरील निदानाशी जुळावे. अडचण अशी की फिल्मवरचे निदान फिल्मशीच जुळत नव्हते. १९४७ चेच दुखणे पुन्हा वर आले. १९९६ मध्ये क्रेग बीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १०८ रेडिऑलॉजिस्टांना ७९ स्त्रियांच्या मॅमोग्राफीच्या त्याच फिल्म वाचायला दिल्या होत्या. त्यांच्या संवेदनशीलतेत किमान ४० टक्क्यांची तफावत आढळली. इतकी मतभिन्नता असताना 'जुन्याशी जुळणे' ही अट कोणतेही नवे यंत्र, कितीही चांगले असले तरी, पार करू शकत नाही. खुद्द जुनी फिल्म दुसऱ्यांदा वाचली, तर तीही अनुत्तीर्ण झाली असती.

वॅग्नर यांना बीम यांचा तो १०८ बिंदूंचा आलेख विशेष उपयोगी वाटला. प्रत्येक बिंदू म्हणजे एक डॉक्टर. काही उतावळे, काही सावध. पण ढग साधारणपणे एका वक्राच्या आसपास पसरलेला, आणि काही बिंदू वक्राच्या बरेच खाली. म्हणजे बरीचशी तफावत उंबरठ्यांची, उरलेली नजरेची. बीम यांच्यासह २००४ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी या दोहोंचा हिशेब केला. यातून नियामकांसाठी निघालेला व्यवहारी मार्ग असा: एका डॉक्टरवर आणि मूठभर रुग्णांवर विसंबायचे नाही. अनेक डॉक्टरांनी अनेक रुग्णांच्या प्रतिमा दोन्ही पद्धतींनी वाचाव्यात, प्रत्येकाचा आरओसी वक्र काढावा आणि मग डॉक्टर बदलल्याने किती फरक पडतो, रुग्ण बदलल्याने किती आणि यंत्र बदलल्याने किती, हे वेगवेगळे करावे. या पद्धतीचे एक रूप डॉर्फमन, बर्बॉम आणि मेट्झ यांनी १९९२ मध्ये दिले होते. सर्गेई बायडेन, वॅग्नर आणि ग्रेगरी कॅम्बेल यांनी २००० मध्ये तिला अधिक लवचीक रूप दिले. ही पद्धत एफडीएच्या कामकाजात रुळली आणि प्रतिमा-यंत्रांच्या परीक्षणाची नित्याची भाषा बनली.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेत पहिल्या डिजिटल मॅमोग्राफी यंत्राला मंजुरी मिळाली. मंजुरी योग्य होती का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४९,५२८ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीने उत्तर दिले. एकूणात डिजिटल आणि फिल्म सारखेच ठरले. पण पन्नाशीच्या आतील आणि दाट स्तन-ऊती असणाऱ्या स्त्रियांत डिजिटल पद्धत अधिक अचूक निघाली.

सगळ्याच मंजुऱ्यांना इतके चांगले उत्तर मिळाले नाही. डॉक्टरांना संशयास्पद जागा दाखवणारी पहिली संगणक-मदतनीस प्रणाली १९९८ मध्येच मंजूर झाली होती आणि झपाट्याने पसरली होती. २००७ मध्ये अमेरिकेतील ४३ केंद्रांच्या प्रत्यक्ष कामकाजाचा अभ्यास आला. ती प्रणाली वापरल्याने अचूकता वाढली नाही, उलट घटली. विनाकारण केलेल्या तपासण्या वाढल्या. प्रयोगशाळेतील वाचन आणि गर्दीच्या दवाखान्यातील वाचन यांत अंतर असते, ही या पद्धतीची मर्यादा त्यातून उघडी पडली. वॅग्नर यांनी त्याच वर्षी मेट्झ आणि कॅम्बेल यांच्यासोबत प्रतिमा-यंत्रे आणि संगणकीय मदतनीस कसे जोखावेत, यावर एक प्रदीर्घ मार्गदर्शक निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, त्यांचे निधन झाले. वैद्यकीय प्रतिमांवरील एसपीआयई या संस्थेच्या परिषदेत उत्कृष्ट विद्यार्थी-निबंधाला आजही त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

वक्राच्याही पलीकडे आणखी एक पायरी आहे. रोग अचूक सापडला म्हणून रुग्ण वाचलाच, असे नाही. १९९१ मध्ये फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी प्रतिमांच्या उपयुक्ततेच्या सहा पायऱ्या मांडल्या. प्रतिमेच्या भौतिक गुणवत्तेपासून सुरुवात करून निदानाची अचूकता, उपचारातील बदल, रुग्णाचा अंतिम लाभ आणि शेवटी समाजाचा लाभ. वॅग्नर यांचे काम प्रामुख्याने पहिल्या दोन पायऱ्यांना भक्कम करणारे. वरच्या पायऱ्यांवरील एक लक्षणीय अभ्यास मुंबईत झाला, आणि त्यात यंत्रच नव्हते.

टाटा स्मृती रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. मॅमोग्राफी खर्चिक, आणि आपल्याकडे स्तनांचा कर्करोग तुलनेने तरुण वयात होतो, जेव्हा ती कमी परिणामकारक ठरते. म्हणून निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्याखालील वयात मात्र तसा लाभ दिसला नाही. सर्व वयांचा एकत्रित आकडा १५ टक्के घटीचा होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठोस ठरला नाही.

त्याच २०२१ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, पंधरा वर्षांवरील लोकांत क्षयाचा शोध घेताना छातीचा एक्स-रे डॉक्टरऐवजी संगणक प्रणालीने वाचला तरी चालेल, अशी शिफारस केली. अशा प्रणालींपैकी एक मुंबईत तयार झालेली आहे. ढाक्यातील तेवीस हजारांहून अधिक लोकांच्या एक्स-रेवर पाच प्रणाली जोखल्या गेल्या, तेव्हा तिचे वक्राखालील क्षेत्रफळ सर्वांत वरच्यांत होते, आणि पाचही प्रणाली तेथील रेडिऑलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. १९४७ मध्ये ज्या रोगाच्या फिल्मांनी हा सारा प्रश्न उपस्थित केला, त्याच रोगाच्या फिल्मांवर आता यंत्राची नजर मोजली जात होती, आणि मापही तेच.

या प्रणाली होय किंवा नाही असे उत्तर देत नाहीत; त्या एक आकडा देतात. किती आकड्यापुढे रुग्णाला थुंकीच्या तपासणीसाठी पाठवायचे, हे माणसांनी ठरवायचे असते. रेघ खाली ओढली की निसटणारे रुग्ण घटतात, आणि तपासणीच्या महागड्या काडतुसांचा खर्च वाढतो. वर ओढली की पैसा वाचतो आणि काही क्षयरुग्ण खोकत घरी परततात. ढाक्याची रेघ मेहकरला लागू पडेलच असे नाही, कारण रोगाचे प्रमाण, लोकांचे वय आणि जुन्या क्षयाचे व्रण सगळीकडे सारखे नसतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारशीसोबत, प्रत्येक ठिकाणी स्थानिक रुग्णांवर चाचणी करून आपापला उंबरठा कसा निश्चित करावा, याची स्वतंत्र मार्गदर्शिकाही त्याच वर्षी दिली.